धुळ्याच्या स्टँडवर गेलेला पेपर

ज्या दिवशी नाशिकला माझा पेपर होता, त्या दिवशी मी धुळ्याच्या बसस्टँडवर बसून होतो.

पहाटे पाचच्या गाडीने जळगावहून निघालो होतो. पेपर दुपारी दोनला. पिशवीत हॉल तिकीट, दोन पेनं आणि बायकोने बांधून दिलेल्या दशम्या. पारोळा मागे पडेपर्यंत ठीक होतं. धुळं जवळ आलं तसं मी हॉल तिकीट चार वेळा काढून परत ठेवलं. गाडी स्टँडवर लागली. कंडक्टर म्हणाला, "दहा मिनिटं थांबेल." मी चहाला म्हणून उतरलो. एक चहा घेतला, मग दुसरा घेतला. कंडक्टरने बेल मारली, "नाशिक, नाशिक" असं दोनदा ओरडला, आणि मी पाठ फिरवून पेपरच्या स्टॉलवरची मासिकं चाळत उभा राहिलो. गाडी निघून गेली.

मनाशी म्हटलं, अर्ध्या तासात दुसरी आहे, तरी वेळेत पोचू. दुसरी आली. ती भरलेली होती, म्हणून सोडली. तिसरी रिकामी होती. तिच्या पायरीवर एक पाय ठेवला आणि खाली घेतला. दहाची गाडी गेल्यावर हिशेबच संपला. आता निघून उपयोग नव्हता. तेव्हा कुठे मला भूक लागली. बाकावर बसून सगळ्या दशम्या खाल्ल्या, संध्याकाळपर्यंत तिथंच बसलो, आणि दिवेलागणीला जळगावच्या गाडीत चढलो.

बायकोने दार उघडलं. "कसा गेला?"

"अवघड होता," मी म्हणालो.

दीड महिन्याने तिला सांगितलं की नापास झालो.

मी बॉयलरवर काम करतो. जळगावच्या एमआयडीसीत सरकीच्या तेलाची एक मिल आहे, तिथं. सरकी शिजवायला, तेल काढायला वाफ लागते, आणि ती वाफ बॉयलर देतो. कपाशीच्या पऱ्हाटीच्या आणि सोयाबीनच्या भुशाच्या दाबून केलेल्या कांड्या आम्ही त्यात जाळतो. धरणगावकडच्या एका खेड्यातून मी इथं आलो तेव्हा बाविशीत होतो, कांड्या टाकायच्या कामावर. आज चव्वेचाळीस पूर्ण आहेत. बॉयलर चालवायला सरकारी परवाना लागतो. तो नसलेल्या माणसाने कितीही वर्षं काम केलं तरी कागदावर तो कांड्या टाकणाराच. परवाना मिळवायचा तर लेखी पेपर आणि तोंडी परीक्षा द्यावी लागते.

आमच्याकडे परवाना नानांचा होता. नाना मूळचे धुळ्याचे, जळगावला खोली घेऊन राहायचे. बॉयलरच्या भिंतीवर त्यांचा कागद काचेत लावलेला होता आणि खुर्चीवर ते बसलेले असायचे. पण त्यांनी मला सगळं शिकवलं. पाण्याची पातळी दाखवणारी काच कशी बघायची, वाफेचा दाब वाढतोय हे काट्याच्या आधी आवाजावरून कसं ओळखायचं, सेफ्टी व्हॉल्व्ह हाताने उचलून कसा तपासायचा. शेवटच्या पाच-सहा वर्षांत त्यांचे गुडघे गेले, तेव्हा बॉयलर खरं तर मीच चालवत होतो. नाना खुर्चीवरून बघायचे.

मॅनेजर साहेबांनी मला दोनदा बोलावून सांगितलं होतं, "नाना किती दिवस पुरणार? परीक्षा देऊन टाक. पगार वाढेल, जागा पक्की होईल. नाहीतर मला बाहेरून माणूस आणावा लागेल."

मी दोन्ही वेळा म्हणालो, "देतो साहेब."

आणि देत नव्हतो. हे कसं घडायचं ते सांगतो, कारण बाहेरून बघणाऱ्याला तो आळस वाटतो. मला आळस कधीच नव्हता. सकाळी पुस्तक घेऊन बसायचं ठरवलं की त्या दिवशी मी घरातलं सगळं काम करून टाकायचो. स्कूटर धुवायची. पाण्याची टाकी घासायची. शेजारच्या आबांचं लाइट बिल भरायला स्वतःहून जायचं. माळ्यावरची भांडी काढून परत लावायची. एकदा तर बायकोच्या शिवणयंत्राला तेल घालायला मी ते सगळं उघडून बसलो आणि तिची दुपार वाया घालवली. ती घरी ब्लाऊज शिवते. तिची दोन गिऱ्हाइकं त्या दिवशी परत गेली.

पुस्तक उघडलं की पहिल्या पानावर बॉयलरचं चित्र होतं. चित्रातला एकेक भाग मी रोज हाताने पुसतो. पण खाली प्रश्न असायचा, "पुढील भागांचे कार्य थोडक्यात लिहा," आणि माझ्या तळव्यांना घाम सुटायचा. दहावीला मी दोनदा बसलो होतो. दुसऱ्या वेळी कसाबसा सुटलो. तेव्हापासून पेपर म्हटला की मला एकच दिसायचं, आपण कोऱ्या पानासमोर बसलोय आणि बाकी सगळ्यांची पेनं चालू आहेत. मग मी पुस्तक मिटायचो. उद्यापासून नीट वेळापत्रक करून बसू, असं म्हणायचो. वेळापत्रकं मात्र मी फार सुंदर केली. लाल पेनने विषय, निळ्याने वेळ. तीन-चार तरी केली असतील.

पहिला फॉर्म भरला त्या वर्षी चुलतभावाच्या लग्नाचं निमित्त सापडलं. दुसऱ्या वर्षी निमित्त सापडेना, म्हणून धुळ्याला उतरलो.

पुढच्या दिवाळीआधी नानांनी काम सोडलं आणि ते धुळ्याला मुलाकडे गेले. मिलने बाहेरून परवानावाला माणूस आणला. तिशीचा, सरळ स्वभावाचा. पण त्याने आधी दूध डेअरीतला तेलावर चालणारा छोटा बॉयलर चालवला होता. कांड्यांची आग त्याला कळेना. पहिल्याच आठवड्यात मला विचारायला लागला, "भाऊ, हा आवाज कसला?" "भाऊ, धूर काळा का येतोय?" मी सांगायचो. मग तो खुर्चीवर बसायचा, वहीत सही करायचा, आणि मी कांड्या टाकायचो. मला त्याचा राग आला असता तर बरं झालं असतं. राग येत नव्हता. नुसती छातीत एक धडधड बसली होती, सकाळी उठल्यापासून झोपेपर्यंत. कामावर असताना, जेवताना, कोणाशी बोलताना. काहीतरी करायचं राहिलंय, आणि वेळ संपत चाललाय.

त्या उन्हाळ्यात भडगावला बायकोच्या नात्यात लग्न होतं. पंगतीत तिचा मावसभाऊ माझ्या शेजारी बसला. बायको समोर वाढत होती. तो म्हणाला, "दाजी, मागच्या वर्षी तुम्ही धुळ्याच्या स्टँडवर दिसले होते. मी हाका मारल्या, तुम्ही ऐकल्याच नाहीत. दुपारी परत गेलो तर तिथंच बसलेले."

"दुसरं कोणी असेल," मी म्हणालो.

"नाही हो. तीच निळी पिशवी."

बायकोच्या हातातला वरणाचा पळा क्षणभर थांबला. मग ती पुढच्या पानाकडे गेली. परतीच्या गाडीत ती खिडकीकडे बसली. एरंडोलच्या पुढे आल्यावर मीच म्हणालो, "कोणाला तरी बघितलं असेल त्याने."

ती खिडकीबाहेर बघत म्हणाली, "तुम्ही पेपर दिलाच नाही ना?"

गाडीत माणसं होती. मी होकाराची मान हलवली.

घरी आल्यावर तिने आधी कुलूप उघडलं, पाणी प्यायलं, मग ती बोलायला लागली. आवाज चढवला नाही. "मी सगळ्यांना सांगत बसले. आईला, तुमच्या भावांना, गल्लीत. माणूस दिवसभर काम करतो, अभ्यासाला वेळ कुठं, म्हणून राहिला. दोन मार्कांनी राहिला, असंसुद्धा सांगितलं. दोन मार्क माझ्या मनाचे. तुम्हाला नापास झाल्याची लाज वाटत असेल म्हणून मी कधी विचारलं नाही. आणि तुम्ही भजी खात बसलेले धुळ्याला?"

"दशम्या खाल्ल्या," मी म्हणालो. हे का बोललो कळत नाही. तेवढंच एक खरं सांगता येण्यासारखं होतं.

तिने पाण्याचा पेला जागेवर ठेवला. मग म्हणाली, "भीती वाटते का?"

मला कोणी हे विचारलंच नव्हतं. मॅनेजरने विचारलं, कधी देणार. भावाने विचारलं, झाला का अभ्यास. मी म्हणालो, "हो. फार."

"मलाही वाटते," ती म्हणाली. "दुसऱ्याचं भारी कापड समोर असलं की कात्री चालवायला हात धजत नाही. एकदा कापलं की जोडता येत नाही. पण गिऱ्हाईक दारात उभं असतं, मग कापावंच लागतं. तुमच्या दारात कोणी उभं नाही, म्हणून तुमचं चाललंय." मग जरा थांबून म्हणाली, "नानांकडे जा. आणि त्यांना खरं सांगा. मला सांगितलं तसं खोटं नको."

पुढच्या सुट्टीला मी धुळ्याला गेलो. नाना देवपूर भागात मुलाच्या घरी अंगणात खाटेवर बसले होते. मिलमध्ये ते माझ्याशी साधं मराठी बोलायचे, पण घरी त्यांची अहिराणी सुटायची. मला बघून खूश झाले. चहा आला. मी सगळं सांगितलं, गाडीच्या पायरीवरून पाय खाली घेतला तेसुद्धा.

नाना हसले नाहीत. म्हणाले, "तुले बठ्ठं येस. मंग घाबरस कसाले? पुस्तक काय वाघ शे का?"

"नाना, सगळं येतं, पण पुस्तक उघडलं की काहीच आठवत नाही."

"मंग उघडू नको." त्यांनी चहाची बशी खाली ठेवली. "रोज तासले वहीमा आकडा लिखस ना?"

बॉयलरची एक वही असते. दर तासाला वाफेचा दाब, पाण्याचं तापमान, किती कांड्या गेल्या ते त्यात लिहायचं असतं. ती वही मी बावीस वर्षांत एकदाही चुकवली नव्हती. ताप असला तरी, सणाचा दिवस असला तरी. तास झाला की हात आपोआप वहीकडे जायचा.

नाना म्हणाले, "एक दुसरी वही ठेव. तासना आकडा लिखा का तिन्हामा एक सवाल लिख, आनि त्याना जवाब. एकच. दोन लिखशी तर माले सांगू नको."

मला वाटलं, हे काय? एका तासाला एक प्रश्न. अशाने पुस्तक कधी संपणार? पण पाळीत आठ तास असतात, म्हणजे दिवसाला आठ प्रश्न. नानांनी ते मला मोजून दाखवलं नाही, माझं मीच गाडीत बसल्यावर मोजलं.

दुसऱ्या दिवशी सातला पाळी सुरू झाली. आठ वाजता मिलच्या वहीत दाब लिहिला आणि माझ्या शंभर पानी वहीत लिहिलं, "सेफ्टी व्हॉल्व्ह कशासाठी असतो?" खाली लिहिलं, "दाब ठरल्यापेक्षा वाढला तर वाफ बाहेर सोडतो. नाहीतर बॉयलर फुटेल." अक्षर वेडंवाकडं आलं, उकाड्याने पानावर घामाचा डाग पडला. नऊला दुसरा प्रश्न. दहाला तिसरा. अकराला एक पाइप गळायला लागला, त्यात अकराचा आणि बाराचा प्रश्न राहिला. त्या दिवशी सहा झाले.

हे सोपं गेलं असं म्हणणार नाही. दोन आठवड्यांनी जुन्या पेपरातला एक प्रश्न असा आला की उत्तरच माहीत नव्हतं. कायद्यातला होता, तपासणी कधी आणि कोणाकडून करायची त्याबद्दल. तो प्रश्न बघितला आणि जुनी धडधड परत आली. वही कपाटात गेली. आठ-दहा दिवस मी तिला हात लावला नाही, उलट बॉयलरची खोली अशी झाडून काढली की मॅनेजर साहेब म्हणाले, "पाहुणे येताहेत की काय?" रोज तास व्हायचा, मी दाब लिहायचो आणि कपाटाकडे बघायचं टाळायचो.

शेवटी नव्या परवानावाल्यानेच विचारलं, "भाऊ, तुमची ती दुसरी वही कुठं गेली?"

मी काहीतरी पुटपुटलो. त्याने कपाट उघडलं, वही काढली, शेवटचं पान वाचलं आणि म्हणाला, "हा प्रश्न मलाही आला होता. मी चुकीचं लिहिलं होतं. तरी पास झालो." मग खुर्चीवर बसून त्याने मला त्याचं बरोबर उत्तर सांगितलं. मी उभ्याउभ्या लिहून घेतलं. त्या दिवशी मला पहिल्यांदा कळलं की एखादं उत्तर चुकलं तरी माणूस परवाना काचेत लावू शकतो. माझ्या डोक्यात मात्र एक चूक म्हणजे सगळंच संपलं, असं होतं.

तिसरा फॉर्म बायकोने समोर बसून भरून घेतला. परीक्षेच्या आठवड्यात माझी झोप उडाली. अन्न जाईना. सकाळी तोंड धुताना उलटी व्हायची. आदल्या दिवशी बघतो तर बायकोने स्वतःची पिशवीही भरलेली.

"तू कुठं?"

"नाशिकला. मला कापड घ्यायचंय," ती म्हणाली. जळगावात कापड मिळत नाही असं नाही.

पाचची गाडी. पारोळा गेलं. धुळं आलं. गाडी थांबली. मी उठलो. "जरा जाऊन येतो."

"जा," ती म्हणाली. "पिशवी इथं राहू द्या. हॉल तिकीट माझ्याकडे द्या."

मी खाली उतरलो. मुतारीला गेलो. परत येताना तोच बाक दिसला. त्यावर एक म्हातारी मेथीची जुडी घेऊन बसली होती. मी बाकाजवळ थांबलो, हे खरं. खिडकीतून बायको माझ्याकडे बघत होती. हाक मारली नाही, हाताने बोलावलंही नाही. नुसती बघत होती. मी वर चढलो, तिच्या शेजारी बसलो, आणि गाडी हलली तेव्हा माझा शर्ट पाठीला चिकटलेला होता. मालेगावपर्यंत मी डोळे मिटून घेतले होते.

पेपर मराठीतून लिहायची मुभा होती. पहिली दहा मिनिटं जे दिसायचं तेच झालं, कोरं पान आणि बाकीच्यांची चालणारी पेनं. मग मी घड्याळाकडे बघितलं. दोन वाजून गेले होते. मनात म्हटलं, दोनचा आकडा लिहायचाय. आणि पहिला प्रश्न लिहिला. दोन प्रश्न मला आले नाहीत. ते सोडून दिले.

दुसऱ्या दिवशी तोंडी होती. टेबलामागे दोन साहेब. एकाने नाव विचारलं, किती वर्षं काम केलं विचारलं, आणि मग म्हणाला, "काचेत पाणी दिसत नाहीये. काय कराल?"

मी खुर्ची पुढे ओढली. साहेबांनी परत विचारलं. मला उत्तर माहीत होतं, शब्द येईनात. मग माझा हातच वर गेला. समोर काच आहे अशा जागी हात नेऊन मी हवेतच काचेचे कॉक, म्हणजे चाव्या, फिरवायला लागलो.

"खालचा ड्रेन उघडला, साहेब. आता वाफेचा कॉक बंद. पाण्याची वाट मोकळी आहे का बघतो. आता हा उघडला, पाण्याचा बंद. वाफेची वाट बघतो."

दोघे साहेब माझ्या हाताकडे बघत होते. "दोन्ही वाटा मोकळ्या आहेत," एक म्हणाला. "तरी काचेत पाणी नाही. पंप लावणार?"

"नाही साहेब!" मी एवढ्या मोठ्याने म्हणालो की बाहेरच्या बाकावरची माणसं वळली असतील. "तापल्या पत्र्यावर पाणी सोडायचं नाही. आगीचा पंखा बंद. आग काढायची. मग माणसं लांब."

साहेबाने कागदावर काहीतरी लिहिलं. दुसऱ्याने एका कलमाबद्दल विचारलं. मी म्हणालो, "माहीत नाही साहेब." तो म्हणाला, "ठीक आहे, या."

बाहेर बायको जिन्याजवळ बसली होती. मी म्हणालो, "एक आलं नाही."

"बाकीचं?"

"बाकीचं आलं."

निकाल लागल्याचं मला कळलं आणि मी तो दोन दिवस बघितला नाही. हेही लिहून ठेवतो, नाहीतर वाचणाऱ्याला वाटेल मी सुधारलो. तिसऱ्या दिवशी खुर्चीवरच्या परवानावाल्याने मोबाइल काढून माझ्यासमोर धरला, "भाऊ, नंबर सांगा." मी हॉल तिकिटावरचा नंबर चुकीचा वाचला. त्याने तिकीटच हातातून घेतलं. बोटाने स्क्रीन वर सरकवत गेला. थांबला. मला काही ऐकू येत नव्हतं, बॉयलरचा आवाजसुद्धा. मग त्याने माझ्या पाठीवर जोरात थाप मारली.

बायकोला फोन केला. ती म्हणाली, "खरं ना?" आणि मला ते विचारायचा तिला हक्क होता. मी म्हणालो, "खरं. माणूस शेजारी उभा आहे, विचार." तिने खरंच त्याला फोन द्यायला लावला.

रविवारी पेढे घेऊन धुळ्याला गेलो. नाना खाटेवर पडून होते, गुडघ्याला पट्टा बांधलेला. मी पाया पडलो, सांगितलं. त्यांनी पेढा तोंडात घातला, हात धोतराला पुसला, आणि कितीतरी वेळ माझा हात धरून ठेवला. मला वाटलं आता ते रडतील, आणि त्यांच्याआधी मीच रडेन.

मग त्यांनी बॉयलरला पाणी देणाऱ्या पंपाचं विचारलं, "तो फीड पंप आते भी गळस का?"

"गळतो, नाना. दांड्यावरची ग्लँड बदलायला पाहिजे."

"मंग कधी बदलशी?"

"उद्या," मी म्हणालो. आणि माझं मलाच हसू आलं.

नाना हसले नाहीत. ते खाटेवर उठून बसले, सुनेकडून कागद-पेन मागवलं, आणि ग्लँडचं माप सांगायला लागले. मी लिहून घेतलं.